आकड्यांचा पत्ता

बँकेच्या काउंटरमागे एकतीस वर्षं काढली. पैसे लोकांचे होते. माझ्या पदरात पडले ते आकडे. निवृत्तीनंतर थोडं वाचन केलं, तेव्हा कळलं की आम्ही डबा खाताना ज्यावर हसायचो, त्यावर जगभर प्रयोग चाललेत.

१. आपल्या डोक्यातली मांडणीच सगळ्यांची, असं धरून चालू नये.
माझे एक ते दहा डावीकडून उजवीकडे जातात, अकराला वळतात आणि उलटे चालत वीसला पोचतात. सापशिडीचा पटच. चाळिशी उलटेपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असणार. एकदा बोलून गेलो. हेडकॅशिअरांचे आकडे उजळणीच्या पुस्तकासारखे वरून खाली उतरत. शेजारच्या बाईंच्या तारखा कालनिर्णयातल्यासारख्या उभ्या. आणि आमचा शिपाई, जो तोंडी हिशेबात सगळ्यांना मागे टाकायचा, तो म्हणाला, "मला काहीच दिसत नाही साहेब, उत्तर ऐकू येतं." फ्रान्सिस गाल्टनने १८८० मध्येच 'नेचर'मध्ये अशा दिसणाऱ्या आकड्यांवर लिहून ठेवलंय. आम्ही मात्र एकमेकांना वेड्यात काढलं.

२. डावं-उजवं शाळा शिकवते, पण सगळं शाळाच शिकवते असं नाही.
स्तानिस्लास दहान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना एवढंच विचारलं: आकडा सम की विषम? उत्तर डाव्या किंवा उजव्या हाताने कळ दाबून द्यायचं. लहान-मोठ्याचा प्रश्नच नव्हता. तरी लहान आकड्याला डावा हात लवकर उठला, मोठ्याला उजवा. फरक डोळ्याला दिसणार नाही इतका, पण पुन्हा पुन्हा येणारा. पुढे २००९ मध्ये शब्द आणि आकडे दोन्ही उजवीकडून वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांत हे उलटं निघालं. हिब्रू वाचणारे शब्द उजवीकडून वाचतात नि आकडे डावीकडून. त्यांच्यात धड हे नाही, धड ते नाही. म्हणजे लिपीचाच प्रताप, असं म्हणावं तर २०१५ मध्ये इटलीत अंड्यातून बाहेर येऊन दोनतीन दिवस झालेली कोंबडीची पिल्लं पाच ठिपक्यांवर शिकवली गेली आणि मग दोन ठिपके दिसल्यावर डावीकडे, आठ दिसल्यावर उजवीकडे वळली. त्यांनी कुठली बाराखडी गिरवली होती?

३. फरक नऊने भागला गेला, तर आकडे उलटे पडलेत.
कॉम्प्युटर येण्याआधी लेजर जुळवायला बसलो की हा पहिला मंत्र. सत्तावीसचा फरक आला की ४७ च्या जागी कुणीतरी ७४ लिहिलेत. दोष हाताचा कमी, कानाचा जास्त: 'सत्तेचाळीस'मध्ये सात आधी ऐकू येतो आणि पेन आधी तोच लिहू पाहतं. धारवाडकडून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याच्या अशा चुका जवळजवळ नसायच्याच. तो मनात कन्नडमध्ये 'नलवत्तेळु' म्हणायचा. चाळीस आधी, सात मागून. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस सात' असं वाचायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला! माझं मन दोन्हीकडे होतं. 'एकोणतीस' मला सोडवत नाही. तिशीच्या दारात उभं राहून एक पाऊल मागे घ्यायचं, 'पावणेदोन'सारखंच. पण लेजर जुळवताना रात्रीचे नऊ वाजवलेत, हेही खरंच.

४. सरासरीवरून माणूस ओळखू नये.
नुसता आकडा दिसला तरी लक्ष डावीकडे-उजवीकडे सरकतं, असा शोध २००३ मध्ये गाजला. २०२० मध्ये सतरा प्रयोगशाळांनी हजारावर माणसांवर तो पुन्हा करून पाहिला, तर हाती काही लागलं नाही. आणि दहानच्या प्रयोगासारखा टिकलेला निष्कर्षही सरासरीचाच असतो. त्याच रांगेत उलटं वागणारी माणसं बसलेली असतात.

५. 'लक्ष नाही' म्हणण्याआधी, लक्ष कुठे आहे ते पाहावं.
हे मी उशिरा शिकलो. बाबांना पक्षाघात झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात गेला, एवढं आम्हाला समजत होतं. ते पानातली भाजी, आमटी संपवायचे आणि चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. आई म्हणाली, तोंडाची चव गेली. मी म्हणालो, हट्टीपणा. दाढीही अर्धीच व्हायची, तरी आमच्या डोक्यात उजेड पडला नाही. त्यांच्या लेखी डावी बाजू उरलीच नव्हती. नजर शाबूत होती, लक्ष तिकडे वळत नव्हतं. अशाच रुग्णांना दोन आणि सहाच्या मधोमध कोणता आकडा, असं विचारल्यावर 'पाच' असं उत्तर आल्याचं इटलीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये नोंदवलंय. समोर कागद नाही, रेघ नाही; मनातल्या रांगेचीही डावी बाजू निसटलेली. बाबा गावातले पाढ्यांचे मास्तर. त्यांना मी हा प्रश्न कधी विचारला नाही. तेव्हा ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी धीर झाला नसता.

घरी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने एक दिवस काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. बाबांनी चटणीत बोट बुडवलं, चाखलं आणि आईकडे बघून म्हणाले, "आज लसूण कमी पडलाय."