गोष्टींतील दांडग्या मुली व त्यांचीं नांवें

घरांत मूल जन्माला आलें म्हणजे त्याचें नांव ठेवितांना आजीची इच्छा, आत्याचा मान, वडील मंडळींची आठवण अशा अनेक गोष्टी पाहाव्या लागतात. कथेंतील पात्राचें बारसें मात्र लेखक एकटाच करतो. त्यावर कोणाचा हट्ट चालत नाहीं. म्हणून त्यानें जें नांव निवडलें असेल, त्यांत कांहीं हेतु असावा असें धरून चालण्यास हरकत नाहीं. इंग्लंड व अमेरिका येथील कथावाङ्मयांत अशा नांवांचा एक लहानसा परंतु ठळक गट आहे. पात्र मुलीचें, आणि नांव मुलाचें किंवा मुलाला व मुलीला सारखेंच शोभणारें. शिवाय ती मुलगी बहुधा झाडावर चढणारी, शीळ घालणारी, शिवणकामाला कंटाळणारी अशी. हीं पुस्तकें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हातीं येतच असतात. त्यांतील या नांवांचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अशा मुलीला इंग्रजींत ‘टॉमबॉय’ म्हणतात. सोळाव्या शतकांत हा शब्द प्रथम वापरांत आला, तेव्हां तो दांडग्या मुलासाठींच होता. मुलीकडे तो मागाहून वळला. म्हणजे मुलीच्या दांडगेपणाला स्वतंत्र शब्द मिळालाच नाहीं, मुलाचा शब्द तिला उसना दिला गेला. मराठींतहि शौर्य गाजविणाऱ्या स्त्रीला आपण ‘मर्दानी’ म्हणतों, आणि त्या शब्दांत ‘मर्द’ बसलेलाच असतो. नांवांचा प्रकार कांहींसा असाच आहे.

आरंभीं एक भेद लक्षांत ठेवावा. शेक्सपिअरच्या नाटकांतील रोझालिंड ही पुरुषवेष घेऊन अरण्यांत जाते, तेव्हां ती गॅनिमीड होते. व्हायोला ही सिझॅरिओ होते. न्यायसभेंत वकील म्हणून उभी राहणारी पोर्शिया बाल्थझार हें नांव घेते. हीं नांवें वेषाबरोबर आलीं आणि वेषाबरोबरच गेलीं. तीं खोटीं आहेत हें प्रेक्षकाला ठाऊक असतें व त्यांतच नाटकाची मौज असते. आम्हांला येथें ज्या मुलींविषयीं बोलावयाचें आहे, त्या कोणाला फसवीत नाहींत. आपण मुली आहों हें त्या लपवीत नाहींत. तरीहि नांव मात्र मुलाचें लावतात. हा प्रकार निराळा आहे व अधिक विचार करण्यासारखा आहे.

या गटांतील एक जुनें उदाहरण म्हणजे शार्लट ब्रॉन्टी हिची ‘शर्ली’ ही १८४९ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी. शर्ली हें त्या काळीं पुरुषाचें नांव होतें. नायिकेच्या आईबापांना मुलगा हवा होता. तो झाला नाहीं, तेव्हां मुलासाठीं ठरविलेलें नांव त्यांनीं मुलीला देऊन टाकलें. पुढें ती मोठ्या जमिनीची मालकीण झाली, आणि आपल्याला ‘कॅप्टन’ म्हटलेलें तिला आवडूं लागलें. आईबापांच्या निराशेंतून आलेलें नांव तिनें अशा रीतीनें अधिकाराचें करून टाकलें. याचा परिणाम पुस्तकाबाहेरहि झाला. कादंबरीनंतर हें नांव मुलींना देण्याची चाल पडली, आणि १९२८ सालीं जन्मलेली बालनटी शर्ली टेंपल प्रसिद्धीस येईपर्यंत तें मुलींचेंच होऊन बसलें होतें. लेखिकेची स्वतःची गोष्टहि अशीच आहे. तिनें व तिच्या दोघी बहिणींनीं १८४६ सालीं आपल्या कविता करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नांवांनीं छापिल्या. हीं नांवें पुरुषाचीं कीं स्त्रीचीं हें सांगतां येऊं नये, अशीच निवडलेलीं होतीं. पुढें मेरी ॲन इव्हान्स हिनेंहि ‘जॉर्ज एलियट’ हें नांव घेतलें. नायिकेला जें हवें होतें, तेंच लेखिकांनाहि हवें होतें: आपलें म्हणणें ऐकण्यापूर्वींच लोकांनीं आपली किंमत ठरवूं नये.

मुलगा न झाल्याची निराशा मुलीच्या नांवांत उतरते, हें आमच्या वाचकांना नवीन नाहीं. ‘नकुशी’ या नांवाच्या दोनशेंहून अधिक मुलींना २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं, ही हकीकत अनेकांना आठवत असेल. नांव म्हणजे नुसता आवाज नव्हे. तें घराचें मत असतें, आणि तें मूल तें दिवसांतून पन्नास वेळां ऐकतें.

या गटांतील सर्वांत प्रसिद्ध मुलगी म्हणजे लुइझा मे अल्कॉट हिच्या ‘लिटल विमेन’ या पुस्तकांतील जो मार्च. पुस्तकाचा पहिला भाग १८६८ सालीं व दुसरा १८६९ सालीं निघाला. शांता शेळके यांनीं केलेला त्याचा ‘चौघीजणी’ हा अनुवाद मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. जो हिचें खरें नांव जोसेफीन. पंधरा वर्षांच्या या मुलीला आपण मुलगा नाहीं याचें दुःख आहे, कारण बाप अमेरिकेच्या यादवी युद्धांत गेला असतां तिला घरीं विणकाम करीत बसावें लागतें. घरच्या नाटकांत पुरुषांचीं कामें तीच करते. बाप आजारी पडल्याची तार येते, तेव्हां आईच्या प्रवासासाठीं ती आपले लांबसडक केस पंचवीस डॉलरांना विकते, आणि रात्रीं सर्व निजल्यावर त्याच केसांसाठीं रडते. हें रडणें लेखिकेनें लपविलें नाहीं, हा तिचा मोठेपणा आहे. मुलाचें नांव घेतलें म्हणून मुलीचें मन जात नाहीं.

जो हिच्या शेजारीं लॉरी नांवाचा मुलगा राहतो. त्याचें नांव थिओडोर. शाळेंतील मुलें त्याला चिडवून ‘डोरा’ म्हणत, आणि डोरा हें मुलीचें नांव. त्यानें त्या मुलांना बडविलें व आपलें नांव लॉरी करून घेतलें. आपल्यालाहि जोसेफीन हें नांव आवडत नाहीं, पण तें नांव घेणाऱ्या मार्च आत्याला कांहीं आपण बडवूं शकत नाहीं, असें जो त्याला सांगते. प्रसंग विनोदाचा आहे, परंतु त्यांत दोन गोष्टी दिसतात. मुलाला मुलीचें नांव मिळालें तर तो अपमान ठरतो. मुलीला मुलाचें नांव मिळालें तर तिला बढती मिळाल्यासारखें वाटतें. एकाच जिन्याच्या या दोन बाजू आहेत. आणि दुसरें असें कीं, नांव बदलून घेण्याचें जें साधन मुलाच्या हातीं आहे, तें मुलीच्या हातीं नाहीं.

या नांवांची घडणहि पाहण्यासारखी आहे. जोसेफ म्हणजे आपल्या मराठी शास्त्रांतील योसेफ. त्याला शेपूट जोडून जोसेफीन झालें. जॉर्ज हें ग्रीक भाषेंतील ‘शेतकरी’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलें नांव. त्याचें जॉर्जिना झालें. म्हणजे मुलीचें नांव मुळांत पुरुषाच्या नांवावरूनच केलेलें असतें. मुलीनें तें शेपूट कापलें कीं मूळ नांव आपोआप उरतें. जो नवीन कांहीं मागत नाहीं. जोडलेलें तेवढें ती काढून टाकते.

जॉर्जिना हें नांव तर एका मुलीनें पार टाकूनच दिलें. एनिड ब्लायटन हिच्या ‘फेमस फाइव्ह’ या मालेंतील पहिलें पुस्तक १९४२ सालीं निघालें, आणि १९६३ पर्यंत एकवीस पुस्तकें झालीं. त्यांतील जॉर्जिना किरिन हिचे केस आंखूड, होडी वल्हविण्यांत व पोहण्यांत ती पटाईत. जॉर्ज म्हटल्याखेरीज ती ‘ओ’ देत नाहीं. कोळी लोक तिला ‘मास्टर जॉर्ज’ म्हणतात तेव्हां ती खूष होते. ती तापट आहे, परंतु खोटें बोलत नाहीं. आणि आईबापांनीं कुत्रा पाळण्यास मनाई केली असतां आपला खाऊचा पैसा खर्चून ती टिमी कुत्र्याला दुसऱ्याच्या घरीं पोसते. असें असूनहि, तूं कशीहि वागलीस तरी शेवटीं मुलगीच, तेव्हां तुझी काळजी घेतली पाहिजे, असें तिचा चुलतभाऊ ज्युलियन तिला बजावतो. नांव मिळालें, पण नांवाबरोबरचा हक्क अर्धाच मिळाला.

अमेरिकेंतील दोन पुस्तकें येथें उल्लेखिलीं पाहिजेत. कार्सन मॅककलर्स हिच्या ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’ (१९४६) या कादंबरींतील बारा वर्षांची मुलगी पहिल्या भागांत फ्रँकी, दुसऱ्यांत एफ. जॅस्मिन व तिसऱ्यांत फ्रान्सिस अशी होते. भावाचें व वहिनीचें नांव ‘जा’नें सुरू होतें, तेव्हां आपलेंहि तसेंच असावें म्हणून ती मधलें नांव घेते. एकटें पडलेलें मूल कोणाचें तरी होऊं पाहत आहे, हें तेथें एका नांवावरूनच कळतें. दुसरें पुस्तक हार्पर ली हिचें ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०). त्यांतील जीन लुइझ फिंच हिला घरीं स्काउट म्हणतात. तिच्या विजारीवरून आत्या ॲलेक्झांड्रा तिला टोंचून बोलते व तिला जीन लुइझ म्हणते. परंतु त्याच पुस्तकांत एक निराळाहि प्रसंग आहे. एका निरपराध नीग्रो माणसाच्या बचावासाठीं झटलेला तिचा बाप न्यायमंदिरांतून बाहेर पडत असतां, वरच्या सज्ज्यांतील सर्व नीग्रो मंडळी उभी राहते, आणि त्यांचे पाळक तिला पूर्ण नांवानें संबोधून उठावयास सांगतात. आत्याच्या तोंडीं जें नांव दटावणीचें होतें, तेंच येथें सन्मानाचें होतें. तेव्हां दोष नांवांत नसतो. तें कोण, कोणत्या वेळीं व कोणत्या मनानें उच्चारतो, यावर सर्व आहे.

दांडग्या मुलीला मुलाचें नांव लागतेंच असेंहि नाहीं. आर्थर रॅन्सम याच्या ‘स्वॉलोज अँड ॲमेझॉन्स’ (१९३०) या गोष्टींत नॅन्सी ब्लॅकेट ही होडीची कप्तान आहे. तिचें खरें नांव रूथ. इंग्रजींत ‘रूथ’ म्हणजे दयाहि होय, आणि चांचे तर निर्दय असले पाहिजेत; म्हणून तिनें रूथ टाकून नॅन्सी हें नांव घेतलें. तेंहि मुलीचेंच नांव, आणि तिचा दरारा त्यामुळें तिळभरहि कमी झाला नाहीं. ॲस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश लेखिकेची पिप्पी (१९४५) घोडा उचलते, तीहि मुलीच्याच नांवानें.

मराठी अनुवादकाला या मुली फार अडचणींत घालतात. इंग्रजी क्रियापदावरून बोलणारा मुलगा कीं मुलगी हें कळत नाहीं. मराठींत मात्र ‘मी जातों’ कीं ‘मी जातें’ हें पहिल्याच वाक्यांत ठरवावें लागतें. स्काउट ही स्वतःच गोष्ट सांगते. इंग्रजींत कांहीं काळ झांकून राहणारी गोष्ट मराठींत लगेच उघडी पडते. आणि ‘जो’ हा तर आपल्याकडे पुल्लिंगी शब्दच आहे. स्त्रीलिंगीं ‘जी’ पाहिजे. ‘जो म्हणाली’ हें वाक्य मराठी कानाला क्षणभर खटकतें. तें खटकणें हीच त्या मुलीची सारी कथा आहे, असें आम्हांला वाटतें.

विद्यार्थ्यांनीं यांपैकीं एकादें पुस्तक वाचतांना तीन गोष्टी वहींत टिपाव्या. नांव कोणीं दिलें: आईबापांनीं, सोबत्यांनीं कीं मुलीनें स्वतः? पूर्ण नांव कोण घेतो व केव्हां? आणि पुस्तक संपतें तेव्हां तें नांव तिच्यापाशीं राहतें कीं जातें? ‘लिटल विमेन’च्या पहिल्या भागाच्या शेवटीं बाप घरीं येतो व आपण मागें ठेवून गेलेला ‘मुलगा जो’ आतां दिसत नाहीं असें म्हणतो. त्यांत कौतुक किती व हानि किती, याचा विचार प्रत्येकानें करावा. आमच्या मतें दोन्ही आहेत.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुलीनें परीक्षेंत नांव काढलें, सायकलवरून दूरच्या गांवाहून औषध आणलें, अथवा घरच्या अडचणींत धीर धरला, म्हणजे ‘ही आमची मुलगी नव्हे, मुलगाच आहे,’ असें आपण मोठ्या प्रेमानें म्हणतों. आणि मुलगा रडला कीं ‘मुलीसारखा काय रडतोस,’ असें म्हणतों. दोन्ही वाक्यें लॉरी व जो यांच्या त्या संभाषणांत आधींच आलेलीं आहेत. पहिल्या वाक्यानें मुलीला असें कळतें कीं, तिनें जें चांगलें केलें तें तिचें नव्हतें, उसनें होतें. जो हिनें केस विकले ते मुलगा होऊन नव्हे. बापावर तिचें प्रेम होतें, आणि विकण्यासारखें तिच्यापाशीं तेवढेंच होतें. पुढच्या वेळीं मुलीनें असें कांहीं केलें, तर तिला तिच्याच नांवानें हाक मारावी आणि ‘शाबास’ म्हणावें. तेवढें पुरे आहे.