बटाट्याचें बीं व घरचा हिशेब

शास्त्रपाठ: उपदेशक ११:१-६, लूक १४:२८-३०

परतवाड्याच्या बाजारांत बटाटा बारमाही मिळतो, परंतु आपल्या वऱ्हाडांत त्याची लागवड थोडी. रात्रीं हवा थंड असल्यावांचून जमिनींत गड्डे पोसत नाहींत. म्हणून आपल्याकडे तो हिवाळ्यांत व पाण्याची सोय असेल तेथेंच होतो. पुणें जिल्ह्यांत खेड-मंचराकडे मात्र पावसाळ्यांतही त्याचें पीक घेतात.

आज बटाट्याच्या उत्पन्नांत चीनच्या खालोखाल आपला देश आहे. तीनचार महिन्यांत एका एकरांतून एवढें अन्न देणारीं पिकें थोडींच. देशाला हा मोठा आधार होय. पण देशाचा आधार तोच प्रत्येक कुटुंबाचा आधार, असें नाहीं.

ज्वारीला एकरीं तीनचार किलो बीं पुरतें. बटाट्याला एकरीं सुमारें ८ ते १० क्विंटल गड्डे लागतात. म्हणजे लागवडीच्या दिवशींच घरची पुंजी मातीखालीं जाते. शिवाय तें बीं बहुधा विकतचें. उष्ण हवेंत मावा पडतो, त्याच्यामार्फत रोग पसरतात व घरचें बीं वर्षागणिक खंगत जातें. यास्तव आपल्या प्रांतांतील शेतकरी पंजाबांतून, जालंधराकडून, बियाणें आणवितात. पूर्वीं तें इटलीहून मुंबईस येई. १९०६ सालीं त्या बियाण्याबरोबरच बटाट्याचा पतंग या देशांत आला, तो अद्याप गेला नाहीं.

आयर्लंडांत गरिबांचा सारा संसार बहुतेक एकाच जातीच्या बटाट्यावर चाले. १८४५ पासून करप्यानें पीक कुजलें. सुमारें १० लक्ष माणसें मेलीं व तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं. त्याच वर्षांत तेथून धान्य परदेशीं जातच होतें. तेव्हां सारा दोष करप्याच्या माथीं मारूं नये.

वऱ्हाडानें कपाशीच्या बाबतींत असेंच कांहीं पाहिलें आहे. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललें, तेव्हां आपल्या कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध सरतांच भाव उतरला. सावकाराचा आंकडा कांहीं उतरला नाहीं.

उपदेशक आपला वांटा सातआठ ठिकाणीं द्यावयास सांगतो, कारण पुढचें अरिष्ट कोणास ठाऊक नसतें. लूकाच्या पाठांत प्रभु बुरूज बांधणाराला आधीं बसवून खर्च मोजावयास लावतो. ज्या बंधूच्या विहिरीला पाणी आहे त्यानें बटाटा अवश्य लावावा. पण पहिल्या वर्षीं पाव एकर, आणि ज्वारी-तूर मोडून नव्हे. बियाण्यासाठीं कर्ज काढावयाचें असल्यास गांवच्या सुवार्तिकानें त्याच्याजवळ बसून पाटीवर हिशेब मांडावा: बीं, खत, मजुरी, गाडीभाडें, आणि भाव निम्म्यावर आला तर फेड कशांतून होईल तें. घरधनिणीलाही त्या वेळीं बोलवावें. धान्य किती दिवस पुरेल हें तिलाच नेमकें ठाऊक असतें.

लागवड केल्यास झाडांना वेळेवर मातीची भर द्यावी, कारण पतंग उघड्या गड्ड्यांवर अंडीं घालतो. काढलेले बटाटे रात्रीं उघडे ठेवूं नयेत. नासके निवडून बाकीचे सावलींत झांकून ठेवावे, व उन्हानें हिरवे पडलेले मुलांच्या ताटांत घालूं नयेत. ते विषारी असतात.