घेरदार घागऱ्याचा समतल काठ
पुण्याच्या शिवणपरंपरेतून घ्यावयाचा एक धडा

शाळेच्या स्नेहसंमेलनात वीस मुली नाचासाठी एका ओळीत उभ्या राहतात. घागरे एकाच ताग्यातील, एकाच मापाचे आणि नवे कोरे असतात. तरीही कोणाचा काठ पुढे उतरलेला, तर कोणाचा बाजूला लोंबलेला दिसतो. दोन-तीन सेंटिमीटरांचा हा फरक एकट्या घागऱ्यात कदाचित लपून जाईल, परंतु ओळीत तो लपत नाही. हे काम एखाद्या महिला बचत गटाने केले असेल, तर पुढील वर्षी शाळा दुसरीकडे जाते आणि आपले नेमके काय चुकले, हे गटातील भगिनींना कळतही नाही. घागऱ्याच्या काठाचा प्रश्न हा असा रोजगाराचाही प्रश्न आहे.

पुण्याची परंपरा

स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या संस्थांचे पुणे हे जुने केंद्र होय. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे राहिले. तेथे लेखन-वाचनाच्या जोडीने शिवणकामासही स्थान मिळाले.

घेरदार वस्त्राची मागणीही या शहरात जुनीच आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही कथक नृत्याची संस्था सुरू केली. कथकमधील चक्रे घेताना वस्त्राचा घेर वर्तुळाकार फुलतो आणि नर्तिका थांबताच तो खाली येतो. काठ समतल आहे किंवा नाही, याची परीक्षा त्या थांबण्याच्या क्षणी होते. रविवार पेठेतील कापडगंजापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत कापड मुबलक मिळते. मात्र त्याचा समतल घेर करणे हे कारागिराच्या हातात असते.

काठ उतरतो कशामुळे ?

कापडात उभा धागा आणि आडवा धागा असे दोन धागे असतात. या दोन्ही दिशांना कापड फारसे ताणले जात नाही. तिरप्या दिशेने, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने, ओढल्यास मात्र ते सहज लांबते. पूर्ण वर्तुळाच्या घागऱ्यात कमरेपासून काठापर्यंत येणाऱ्या रेषा सर्व दिशांना जातात. त्यामुळे चार ठिकाणी कापड सरळ धाग्यावर लोंबते, तर त्यांच्या मधल्या चार ठिकाणी पूर्ण उरेबात. कापडाच्या स्वतःच्या वजनाने ही चार ठिकाणे खाली उतरतात. अचूक वर्तुळ कापूनही काठ वाकडा दिसतो, याचे कारण हे आहे. शिवणारीचा हात येथे दोषी नसतो.

माप आणि हिशेब

गणिताच्या शिक्षकांनी वर्तुळाच्या पाठासाठी हे उदाहरण अवश्य घ्यावे. कमर ६६ सें.मी. असेल, तर तिला ७ ने गुणून ४४ ने भागावे, १०.५ सें.मी. ही आतील वर्तुळाची त्रिज्या मिळते. घागऱ्याची लांबी ७० सें.मी. धरल्यास बाहेरील त्रिज्या ८०.५ सें.मी. आणि काठाचा घेर ५०६ सें.मी., म्हणजे पाच मीटरांहून थोडा अधिक होतो. आतील वर्तुळ कापताना शिवणीसाठी १ सें.मी. सोडावयाचे असल्याने प्रत्यक्ष काप ९.५ सें.मी. त्रिज्येवर घ्यावा. कमरेचा हा गोल कापही ताणला जातो. म्हणून कापताक्षणीच त्यावर एक साधी शिवण मारून ठेवावी.

९० सें.मी. पन्ह्याच्या कापडातून दोन अर्धवर्तुळे काढून हा घागरा होतो. काठाची दुमड, समतल करताना जाणारे कापड आणि बाजूच्या शिवणी धरून साडेतीन मीटर कापड पुरते. त्यातील जवळजवळ एक तृतीयांश भाग कोपऱ्यांच्या व मधल्या तुकड्यांत जातो. कमरपट्टा, उरेब पट्ट्या व लहान पिशव्या यांसाठी ते तुकडे वापरावेत. अर्धवर्तुळाचा घागरा केल्यास आतील त्रिज्या दुप्पट, म्हणजे २१ सें.मी. घ्यावी लागते आणि काठाचा घेर २८६ सें.मी. होतो. कापड वाचते, पण गिरकीत फुलारा कमी येतो.

कळ्यांचा घागरा हा तिसरा मार्ग होय. वर्तुळाचे बारा समान भाग केले आणि प्रत्येक कळीच्या मध्यावर उभा धागा ठेवला, तर कळीच्या कडा सरळ धाग्यापासून केवळ १५ अंश कलतात. पूर्ण उरेब कोठेच येत नाही. शिवणी वाढतात, परंतु काठ फारच थोडा आणि सर्वत्र सारखा उतरतो. जुन्या कारागिरांनी कळ्यांचा घेर पसंत केला, त्यामागे हे शहाणपण दिसते.

टांगणे आणि समतल करणे

सुती कापड कापण्यापूर्वी धुऊन वाळवावे, म्हणजे ते नंतर आटत नाही. वर्तुळ आखण्यासाठी सुतळी वापरू नये. ती ताणली जाते. न ताणणारी टेप अथवा भोके पाडलेली लाकडी पट्टी घ्यावी आणि थोड्या थोड्या अंतरावर खडूच्या खुणा कराव्यात.

कमरपट्टा लावून झाल्यावर काठ लगेच दुमडू नये. घागरा कमरपट्ट्याने सर्व बाजूंनी सारखा धरून निदान एक रात्र टांगून ठेवावा. कापड जड वा सैल विणीचे असल्यास दोन दिवस द्यावेत. उरेब भाग जेवढा उतरावयाचा तेवढा या काळात उतरतो.

त्यानंतर घागरा घालणारीस सपाट फरशीवर सरळ उभे करावे. पायात कार्यक्रमाच्या वेळचीच पादत्राणे असावीत. नाचासाठी अनवाणीच उभे करावे. माप कमरेपासून न घेता जमिनीपासून घ्यावे, कारण पोट, नितंब व उभे राहण्याची ढब यांमुळे दोन बाजू क्वचितच सारख्या असतात. एका उभ्या पट्टीवर जमिनीपासून ठरलेल्या उंचीची खूण करावी. घालणारीने न हलता उभे राहावे, माप घेणारीने तिच्याभोवती फिरावे आणि दर ८-१० सें.मी. वर खडूची खूण करावी. खुणा जोडल्यावर जी रेषा मिळते, तोच खरा काठ होय.

दुमड अरुंद का असावी ?

गोल काठ २ सें.मी. दुमडला, तर कापडाची कड तयार काठाच्या २ सें.मी. बाहेरून २ सें.मी. आत जाते. त्रिज्येतील या ४ सें.मी. फरकामुळे सुमारे २५ सें.मी. कापड जादा होते आणि त्याच्या चुण्या पडतात. दुमड अर्ध्या सेंटिमीटरची ठेवल्यास हे जादा कापड साधारण ६ सें.मी. उरते आणि पाच मीटरांच्या घेरात सहज मुरते. रुंद काठ हवाच असेल, तर आतून उरेब पट्टी लावावी.

तयार घागरा घेताना

तयार घागरा पसरून पाहू नये. कमरपट्ट्याने उचलून धरावा आणि शक्य तर घालून, जमिनीपासून आठ ठिकाणी मोजावा. लांब झालेला भाग कापता येतो; आखूड भाग मात्र वाढवता येत नाही. म्हणून सर्वांत आखूड जागेचे माप पुरेसे आहे काय, हे आधी पाहावे. शाळांनी मागणी नोंदवताना काठ दुमडण्यापूर्वी टांगण्याचा अवधी धरूनच तारीख ठरवावी. आदल्या दिवशी मागितलेल्या घागऱ्यांकडून समतल काठाची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

यंत्राबरोबर कौशल्य

जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांमार्फत शिवणयंत्रांचे वाटप होत आले आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून, तीत साधनांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन यांची तरतूद करण्यात आली. यंत्रासोबत प्रशिक्षणही असावे, हे या तरतुदीतून मान्य झाले आहे.

पंचायत सदस्यांनी लाभार्थींची यादी करतानाच गावातील अनुभवी शिवणकारणीकडून त्यांना चार दिवसांचा धडा मिळेल, असे पाहावे. एक घागरा कापावा, टांगावा, मोजावा आणि दुमडावा, एवढा अभ्यासक्रमही पुरेसा आहे. यंत्र घरात आल्याने भगिनीच्या हाताला काम मिळते. ते काम टिकते मात्र तिच्याकडे पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकामुळे, आणि ते गिऱ्हाईक समतल काठ पाहूनच परत येते.