जकातीची आगबोट : 'हॅरिएट लेन'

वाणिज्य शाखेत आपण जकातीचे दर शिकतो. पण ती समुद्रावर वसूल कशी होई, हे क्रमिक पुस्तकात येत नाही. कन्नडमध्ये जकातीला 'सुंक' म्हणतात. शब्द वेगळा, पण ती चुकविणारा माणूस सर्व देशांत एकच! चोरट्या आयातीला आळा घालणे हे आपल्या तटरक्षक दलाच्या स्थापनेमागचेही (१९७८ चा कायदा) एक कारण होते. अमेरिकेत याच कामासाठी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९० मध्ये दहा शिडांच्या जहाजांची मंजुरी मिळविली. ही जहाजे 'कटर' म्हणून ओळखली जातात. तिथल्या तटरक्षक दलाचे मूळ हेच.

पुढे १८४० च्या दशकात लोखंडी आगबोटी बांधून पाहिल्या. त्या खर्चिक व कुचकामी ठरल्या. मग १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम वेब यांनी 'हॅरिएट लेन' बांधली. दोन्ही बाजूंस चाके, शिवाय शिडेही. अविवाहित राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांच्या भाचीचे नाव तिला दिले होते.

एप्रिल १८६१ मध्ये ती फोर्ट सम्टरच्या मदतीस गेली. तेथे निशाण न दाखविणाऱ्या 'नॅशव्हिल' या आगबोटीपुढे तिने इशाऱ्याचा गोळा टाकला. यादवी युद्धात जहाजावरून सुटलेला तो पहिला गोळा मानतात. त्याच वर्षी ती आरमाराकडे गेली.

१ जानेवारी १८६३ रोजी टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन बंदरात कापसाच्या गठ्ठ्यांचा आडोसा केलेल्या दक्षिणेच्या आगबोटींनी तिला पकडले. तिचे कप्तान वेनराइट ठार झाले. दुय्यम अधिकारी एडवर्ड ली जबर जखमी होऊन पडले होते. दक्षिणेच्या सैन्यातले मेजर अल्बर्ट ली जहाजावर चढले, तो समोर मृत्युपंथास लागलेला त्यांचाच मुलगा!

पुढे १८६४ मध्ये हीच बोट नाकेबंदी चुकवून कापूस घेऊन हवानाला गेली. चोरटा माल पकडण्यासाठी बांधलेल्या बोटीने अखेर चोरटाच माल वाहिला. युद्धानंतर इंजिन काढून तिचे शिडाचे मालवाहू जहाज केले. १८८४ मध्ये ब्राझीलच्या पेर्नाम्बुकोजवळ ते सोडून द्यावे लागले.

हिशेबाच्या वहीत बोटीची किंमत दरसाल घसारा वजा करून शेवटी शून्यावर आणता येते. त्या बापलेकांची नोंद मात्र कोणत्या खात्यावर करावी, हे मला अजून उमगलेले नाही.