सफेद मुसळी : गुण, उपयोग व ओळख

चोपडा, यावल व शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्याच्या रांगांत पावसाळ्यात सफेद मुसळी उगवते. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. हे नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. भावप्रकाशात मधुर, वृष्य व बृंहण म्हणून वर्णिलेली मुसली म्हणजे तालमूली, अर्थात काळी मुसळी होय. सफेद मुसळीचे गुण तिच्याशी मिळतेजुळते मानून ती दौर्बल्य, शुक्रक्षय व कार्श्य यांत योजिली जाते. मूळचूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधासह द्यावे. अग्निमांद्य किंवा साम अवस्था असल्यास आधी दीपन-पाचन करावे. मुळातील सॅपोनिनांवर झालेले बरेचसे प्रयोग उंदरांवरील आहेत; म्हणून रुग्णास अवास्तव आश्वासन देऊ नये, असे आम्हांस वाटते.

बाजारात सोललेली शतावरी मुसळी म्हणून खपविली जाते. म्हणून औषधी दुकानदारांनी तयार चूर्णाऐवजी अखंड मुळे घेऊन ती तपासावीत. पाने वाळण्यापूर्वी खणलेली मुळे अपक्व असतात, आणि कोंब असलेला गड्डा पुन्हा न लावल्यास वनस्पतीच नष्ट होते. लागवडीचा माल घेणे हाच रुग्णाच्या व सातपुड्याच्याही हिताचा मार्ग होय.