जुन्या ग्रामोफोनची पारख

जुन्या वस्तूंच्या बाजारात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला की पाय आपोआप थबकतात. मुंबईच्या चोरबाजारात असे ग्रामोफोन हमखास आढळतात. विक्रेता यंत्र शंभर वर्षांपूर्वीचे असल्याचे सांगतो. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे असते असेही नाही, कारण त्यातील एखादा भाग खरोखरच जुना असू शकतो. परंतु मोटर एका यंत्राची, ध्वनिपेटी दुसऱ्याची आणि कर्णा व लाकडी पेटी नव्याने घडविलेली, असे जोडकाम आपल्याकडे पुष्कळ होते. अजाण ग्राहकाचे हजारो रुपये त्यात जातात.

कर्ण्याच्या झळाळीला न भुलता परीक्षा मोटरपासून सुरू करावी. १९३१ मध्ये 'एचएमव्ही १०२' हा सुटकेससारखा, हातात नेता येणारा ग्रामोफोन बाजारात आला. अशा ग्रामोफोनची पेटी उथळ, म्हणून मोटरही चपटी असे आणि चावीचा दांडा पेटीच्या बाजूने तिरका वर येई. या मोटरी आज कर्ण्याच्या पेट्यांत बसविलेल्या दिसतात. तेव्हा चौकोनी, खोल पेटीतून चावी तिरकी बाहेर येत असेल, किंवा आत लहानशी मोटर वरच्या फळीला टांगलेली आणि खाली सारी पोकळीच असेल, तर संशय घ्यावा.

मग ध्वनिपेटी पाहावी. कर्ण्याच्या यंत्रांच्या भरभराटीच्या काळात तिचा पडदा अभ्रकाचा असे. अॅल्युमिनियमचा पडदा १९२० नंतरच्या दशकात रूढ झाला. मात्र केवळ एवढ्यावरून यंत्र बनावट ठरवू नये. आवाज मोठा यावा म्हणून मूळ मालकानेच नवी ध्वनिपेटी बसविली असेल, तर तो त्या घराचा इतिहासच होय. पेटीचे स्क्रू अधिक बोलके असतात. अधिकाच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आले. १९१० सालच्या म्हणविणाऱ्या पेटीत ते मूळचे असणे शक्य नाही. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र मात्र कोणताच पुरावा देत नाही. ती पट्टी कोणत्याही पेटीवर ठोकता येते.

घरातील वडिलोपार्जित ग्रामोफोन दुरुस्तीस देतानाही हीच दक्षता हवी. देण्यापूर्वी मोटर, ध्वनिपेटी व कर्ण्याचा सांधा यांची छायाचित्रे काढावीत आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा.

विचार करा : एका ग्रामोफोनची पेटी व मोटर मूळची आहे, परंतु कर्णा नवा आहे. विक्रेत्याने ही गोष्ट स्वतःहून सांगितली. आपण तो विकत घ्याल का? कारणे लिहा.