दाराचे कुलूप आणि गावाची राखण

घराच्या दाराला कुलूप लावावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या घरापुरता वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर गावाच्या राहणीवर अवलंबून असते.

पूर्वी खेड्यात दिवसा दार सताड उघडे असे. रात्री आतून कडी किंवा अडसर लावला की पुरे होई. एकत्र कुटुंबात घर क्वचितच मोकळे पडे. ओसरीवर वडीलधारी मंडळी असत आणि वाटेने जाणारा परका माणूस दहा जणांच्या नजरेतून जाई. रात्रीची गस्त जागल्या किंवा रामोशी घाली. राखण होती, परंतु ती कुलपाची नसून माणसांची होती. सारेच निर्भय होते असे मात्र नव्हे. सधनांच्या वाड्यांना भक्कम दरवाजे होतेच.

शिंगणापूरचे उदाहरण

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात असलेले शनी शिंगणापूर हे गाव दारांवाचूनच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. चौकटी आहेत, पण त्यांना दारे नाहीत. चोरी करणाऱ्यावर शनिदेवाचा कोप होतो, ही त्यामागील श्रद्धा. तथापि भाविकांची वर्दळ वाढली तसा व्यवहारही बदलला. 2011 साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा प्रथेचा मान राखून पारदर्शक दार बसविले. मात्र त्यास सहज न दिसणारे विद्युतचुंबकीय कुलूप जोडले. 2015 साली गावात पोलीस ठाणे सुरू झाले. श्रद्धा टिकून राहिली तरी परक्यांची ये-जा वाढल्यावर राखणीची नवी व्यवस्था करावी लागते, हा यातील बोध होय.

बंद घरांचा प्रश्न

अन्य गावांत बदलाचे कारण वेगळे आहे. मुले शहरात, पती-पत्नी दोघेही कामावर, त्यामुळे घरे मोकळी राहतात. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात, ते हंगाम संपल्यावर परततात. इतके महिने दारावर लोंबणारे कुलूप संरक्षण देते, तसेच घरात कोणी नसल्याची वर्दीही देते. ज्याच्या झोपडीला ताटीचेच दार आहे, त्याला तर कुलपाचाही आधार नाही. मागे राहिलेल्या वृद्धांची चिंता याहून मोठी.

म्हणून कुलूप आवश्यक असले तरी पुरेसे नाही. किल्ली कोनाड्यात वा तुळशीवृंदावनामागे ठेवण्याची सवय सोडावी. दीर्घकाळ बाहेर जाताना विश्वासू शेजाऱ्यास व पोलीस पाटलास कल्पना द्यावी. दागिने व रोकड घरात ठेवू नये. ग्रामपंचायतीने स्थलांतरित कुटुंबांची नोंद ठेवावी, रस्त्यावरील दिवे चालू राहतील हे पाहावे आणि ग्रामसुरक्षा दलाच्या गस्तीत त्या वस्त्यांचा अग्रक्रमाने समावेश करावा. अडचणीच्या वेळी 112 या क्रमांकावर पोलिसांची मदत मागता येते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावे.

जागल्या गेला, ओसरी ओस पडली. त्यांनी केलेले काम मात्र शिल्लकच आहे. ते एकट्या कुलपावर न सोपविता गावाने वाटून घेतले पाहिजे.